कुंकवाखालचा आकडा

१

पट्टी खोटी आहे हे कळलं तेव्हा माझे वडील गाडीपासून दोन पावलांवर उभे होते. हातात चिंधी, नजर खाली.

मी तिथं नव्हते. पण त्या सकाळची हकीकत मला चौघांनी सांगितली, आणि चौघांच्याही सांगण्यात ती चिंधी होती.

हैदराबादेत विद्यानगरला हणमंतरावांच्या बंगल्यामागं पत्र्याची शेड आहे. तिच्यात राखाडी रंगाची, दोन दारांची एक जपानी गाडी बावीस वर्षं राहते आहे. हणमंतराव बियाण्यांचे व्यापारी, आता ऐंशीला टेकलेले. जपानहून परतलेल्या एका इंजिनिअरकडून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. मोतीबिंदूनं चालवणं सुटलं, म्हणून आता ती विकायची होती. किंमत ठरवायला पुण्याहून मिलिंद नावाचा जाणकार आला होता.

त्यानं बॉनेट उघडलं आणि पेट्रोलमध्ये बुडवलेल्या कापसानं इंजिनाशेजारची बोटभर लांबीची पट्टी पुसायला घेतली. तिच्यावर कुंकवाचा जाड थर होता. थर सुटला आणि खालून इंग्रजी आठचा आकडा वर आला.

मिलिंदनं कापूस बाजूला ठेवला. "ही आठ नंबरची असूच शकत नाही. आठ नंबर ओसाकाला आहे. गेल्या वर्षी मी तिच्यात बसलोय."

मग त्यानं रिवेट पाहिले. पट्टी तीस वर्षांची म्हणायची आणि रिवेट कोरे करकरीत.

हणमंतराव खुर्चीतून उठले नाहीत. फक्त एवढं विचारलं, "शंकर, ह्या गाडीचं बॉनेट तुझ्याशिवाय कोण उघडतं?"

"मी घेतली नाही, साहेब," बाबा म्हणाले.

पुढं ते काहीच बोलले नाहीत. तीन दिवसांत खरी पट्टी आणून द्यायची, नाहीतर पोलिसांत तक्रार, असं ठरलं.

२

ठोकलेल्या गाड्यांचे विम्याचे दावे तपासणं हे माझं काम. गाडी खरंच खांबाला धडकली की धडकवली, हे मला पत्र्याच्या चुण्यांवरून कळतं. ऑफिसात कोणी वडिलांबद्दल विचारलं तर मी "ऑटोमोबाईल लाइनमध्ये आहेत" असं सांगते. अंबरपेठला त्यांचं गॅरेज आहे आणि त्यांच्या नखांतलं काळं कधीच जात नाही, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शर्वरीला आईकडे ठेवून मी विद्यानगरला गेले. शर्वरी माझी मुलगी, आठ महिन्यांची. माझ्याकडे दोन तास होते. छाती दुधानं भरून आली की मला घड्याळ लागत नाही.

मिलिंद शेडमध्येच भेटला. नामपल्लीच्या स्टेशनसमोर लॉजवर उतरला होता आणि तिथल्या डासांवर वैतागलेला होता.

"जुनी गाडी ती जुनी गाडी," मी म्हटलं. "हिचे दोन कोटी येतील म्हणता, ते कशाचे?"

"कंपनीनं असल्या हजारो गाड्या काढल्या. त्यातल्या चौदा कुरोसे नावाच्या एका माणसानं आपल्या वर्कशॉपमध्ये घेतल्या. तो आणि दोन कारागीर. इंजिन पूर्ण उकलायचं, एकेक भाग हातानं घासायचा, तोलायचा, परत बांधायचं. एका गाडीला चार महिने. सगळं मनासारखं झालं की पट्टी ठोकायची. वर त्याचं नाव, खाली गाडीचा आकडा. कंपनीच्या गाडीचे आज तीस लाख येतील. वरचे सगळे कुरोसेच्या हाताचे."

"म्हणजे मेकॅनिकच्या."

"मेकॅनिकच्याच. फक्त त्याचं नाव पट्टीवर असतं."

मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

"नुसती पट्टी विकली जाते?"

"चोरबाजारात पंधरा लाखांना. साध्या गाडीवर ठोकली की झाली कुरोसेची गाडी. चौदांपैकी नऊ कुठं आहेत ते ठाऊक आहे, पाच बेपत्ता. म्हणून तर फावतं."

"ऑगस्टमध्ये तुम्ही पहिल्यांदा आलात. तासभर शेडमध्ये एकटेच होतात म्हणे."

तो हसला. "घ्या, माझ्यावरही घ्या संशय. फोटो काढत होतो. पुसू का विचारलं तर बाई म्हणाल्या, दसऱ्याआधी नको. सगळ्या फोटोंत नुसतं कुंकू आहे, बघा."

त्यानं मोबाईल पुढं केला. खरंच नुसतं कुंकू होतं. कुंकवाखाली ऑगस्टमध्ये कुठली पट्टी होती हे जगात कोणालाच सांगता येणार नव्हतं.

निदान मला तसं वाटलं.

३

त्रिवेणीकाकू हणमंतरावांच्या सूनबाई, माहेर उदगीरचं. त्यांनी चहा दिला आणि समोर बसल्या, पण पाठ टेकली नाही.

"गाडीच्या रंगाला हळदकुंकू लावलेलं मामंजींना चालत नव्हतं. रंग जातो म्हणे. मग सासूबाईंनी ही पट्टी धरली. तिच्यावर जपानी अक्षरं. त्यांना वाटलं, गाडीचं नावच कोरलंय. तेव्हापासून दर दसऱ्याला कुंकू तिथंच, हारही तिथंच तारेनं बांधायचा. घरच्यांशिवाय तिथं हात लागू द्यायचा नाही, असा त्यांचा नेम. त्या गेल्या, आता मी चालवते."

"यंदा दसऱ्याला पट्टी होती?"

"होती की. मीच कुंकू लावलं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दीक्षा, तुझ्या बाबांबद्दल माझ्या मनात काही नाही हां." असं म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतं, हे मला कामातून कळलेलं आहे. मी चहा संपवला.

त्यांचा मुलगा रितेश चोवीस वर्षांचा. मोबाईलवर दिवसभर गाड्या बघणारा, इंग्रजी शाळेत शिकलेला. मला अक्का म्हणतो.

"अक्का, मी गाडी शिकलो ते शंकरकाकांकडूनच. क्लच कसा सोडायचा तेसुद्धा. पण आता काय बोलू. कागद तर बघा." त्यानं फाईल उघडली. आत हणमंतरावांची जुनी डायरी होती. "गाडी घरी आली त्या दिवशी दादाजींनी लिहून ठेवलंय. हे बघा, पट्टी नंबर. एट."

मी वाकून पाहिलं. निळी शाई, तिरकं अक्षर. मी तेलुगू आणि इंग्रजी शिकलेली. मराठी मला अडखळत वाचता येतं. तरी पट्टी हा शब्द लागला, आणि त्यापुढचा आकडाही. मी मोबाईलवर पानाचा फोटो काढला.

"म्हणजे खरी पट्टीही आठचीच होती," रितेश म्हणाला. "कोणीतरी खरी काढली, तोच नंबर टाकून खोटी बसवली. ओसाकावाली डुप्लिकेट असेल. हौ ना?"

पटण्यासारखं होतं. खरी पट्टी हातात असलेल्या माणसानंच तोच आकडा उतरवला असणार. ज्याच्याकडे शेडची किल्ली आहे, ज्याला रिवेट मारता येतो, आणि ज्याच्याजवळ "मी घेतली नाही" यापुढं बोलायला शब्द नाहीत.

बंगल्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या यादीत एकच नाव उरलं होतं.

४

आमचं घर गॅरेजच्या मागेच. आजोबा नांदेडकडून आले तेव्हापासूनचं. मी पोचले तेव्हा गॅरेज रिकामं वाटलं. सकाळपासून दोन गिऱ्हाइकं येऊन आपापल्या गाड्या घेऊन गेली होती. एकाची तर इंजिन अर्धं उघडलेलं असतानाच दोरीनं ओढत नेली.

बाबा आत होते. शर्वरीला खेळवत होते बहुतेक. मी चपला काढल्या. पाणीही प्यायले नाही.

"बाबा, खरी पट्टी कुठं आहे?"

घेतलीत का, असं मी विचारलं नाही. कुठं आहे, असं विचारलं. दावा खोटा निघाला की गिऱ्हाइकाला मी अशाच आवाजात विचारते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. उठले, मोरीत जाऊन हात धुतले, साबण लावून परत धुतले, आणि गॅरेजमध्ये निघून गेले.

"काय विचारलंस त्यांना?" आईनं आतून विचारलं.

मी शर्वरीला पाजायला घेऊन बसले.

५

पाजताना एक हात मोकळा राहतो. मी डायरीच्या पानाचा फोटो मोठा करून बघत बसले. मला पुरावा हवा होता. खरं सांगायचं तर, बाबांच्या विरुद्धचाच हवा होता, म्हणजे मी जे विचारून बसले होते ते बरोबर तरी ठरलं असतं.

त्याच पानावर खाली आणखी एक ओळ होती. हळूहळू जुळवली. "टायर नवीन, मद्रासहून मागवले." आणि पुढं तोच आकडा.

आठ टायर.

स्टेपनी धरली तरी पाच होतात. आठ टायर लागतात ते लॉरीला.

"आई, हे वाच गं जरा."

विठाबाई, माझी आई, मेथी निवडत होती. तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "काय वाचू लागलीस? टायर चार."

"आठ आहे ना?"

"चार आहे. मराठी चार असाच असतो, इंग्रजी आठासारखा." तिनं ओल्या बोटानं फरशीवर एक ४ काढला, शेजारी एक ८ काढला. "हा चार, हा आठ. एवढं शिकवलं नाही का शाळेत?"

"मराठी शाळेत कुठं घातलंत, आई?"

"ते बी खरंच," ती म्हणाली आणि परत मेथीकडे वळली. फरशीवरचे दोन्ही आकडे वाळून गेले.

मी पान परत पाहिलं. पट्टी नंबर चार. हणमंतरावांनी त्या दिवशी चारच लिहिलं होतं.

शर्वरी झोपली होती. तिला खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. खोटी पट्टी करणाऱ्याच्या हातात खरी पट्टी असती, तर त्यानं ती पुसून पाहिली असती आणि चार उतरवला असता. ज्यानं आठ काढला, त्यानं खरी पट्टी पाहिलेलीच नव्हती. त्याच्याजवळ होती फक्त ही डायरी.

आणि ती त्यानं माझ्यासारखीच वाचली होती.

मी गॅरेजमध्ये गेले. बाबा रिकाम्या जागेवर झाडू मारत होते.

"बाबा, विद्यानगरला चला."

"कशाला?"

"एकाला वाचायला लावायचंय."

६

शेडमध्ये सगळे जमले. हणमंतराव खुर्चीत, त्रिवेणीकाकू दाराशी, मिलिंद बॉनेटला टेकून. बाबा पुन्हा त्याच जागी उभे.

"रितेश, ही डायरी जरा मोठ्यानं वाच," मी म्हटलं. "खालची ओळ."

"टायर नवीन, मद्रासहून…" तो अडखळला. "…मागवले, एट."

"किती?" हणमंतरावांनी विचारलं.

"एट, दादाजी. आठ."

"आठ टायर कशाला मागवीन रे मी? चार मागवले होते."

रितेशनं पान डोळ्यांजवळ नेलं. मग वरच्या ओळीकडे पाहिलं. त्याला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा सगळ्यांनाच लागला.

मी सांगत गेले. आवाज नेटका ठेवायचा प्रयत्न केला. "आठ नंबर ओसाकाला आहे हे मिलिंदना ठाऊक होतं, ते आठ कधीच कोरणार नाहीत. काका, आकडा तुम्हीच लिहिलाय. काकू मराठी शाळेतल्या, माझे बाबा सातवीपर्यंत मराठीच शिकले. ह्या चौघांपैकी कोणी तो आकडा आठ वाचणार नाही. आठ वाचणारे इथं दोघंच आहोत, मी आणि रितेश. मी पट्टी केली नाही."

रितेश खाली बसला. उकिडवा, लहानपणी बसत असेल तसा.

"चोरली नाही, अक्का. हरवली. नोव्हेंबरमध्ये फोटो काढायला बॉनेट उघडलं तर तिथं दोन भोकं. दादाजींचं बीपी… मला वाटलं, आहे तशी करून लावू, कोणाला कळतंय. नावाची अक्षरं नेटवरनं घेतली, नंबर डायरीतला. राणीगंजला एकाकडून करून घेतली. वरून कुंकू लावलं. शंकरकाकांवर येईल असं मनात पण नव्हतं."

"आलं तेव्हा तरी बोलायचं होतंस," मिलिंद म्हणाला.

"पण खरी गेली कुठं?" हणमंतराव.

त्रिवेणीकाकूंनी दाराची चौकट धरली होती. "हारासोबत," त्या म्हणाल्या. "दसऱ्याचा हार उतरवताना तार अडकली होती. मी ओढली. निर्माल्याच्या पिशवीत काहीतरी जड पडलं, मला वाटलं लिंबू. पिशवी तशीच मुसारामबागच्या पुलावरून मुसी नदीत सोडली."

"कुंकवात चुना असतो," बाबा पहिल्यांदाच बोलले. "ॲल्युमिनियमचे रिवेट खातो तो."

"शंकरकाकांनी सांगितलं होतं मला," रितेश पुटपुटला. "दसऱ्याच्या आधी. म्हणाले, एक रिवेट ढिला झालाय, घरातल्या कोणाला तरी ठोकून घ्यायला सांगा. मी विसरलो."

मी बाबांकडे वळले. "घरातल्या कोणाला तरी? हातोडी तुमच्या हातात होती ना, बाबा? तुम्हीच का नाही ठोकला?"

बाबा चिंधीची घडी घालत राहिले. एकदा, दोनदा. आता आणखी घडी होईना, तरी घालत होते.

"मी सांगते," त्रिवेणीकाकू म्हणाल्या. "गाडी नवीन आली होती, रितेश दोन वर्षांचा. सासूबाई तुझ्या बाबांना म्हणाल्या, इंजिन सगळं तुमचं, ह्या पट्टीला तेवढा हात लावू नका, पूजेची जागा आहे. त्यांनाच म्हणाल्या. टायरवाला येऊन वाकायचा, बॅटरीवाला टेकायचा, रितेशचे मित्र तर बोटं फिरवायचे. त्यांना कधी कोणी काही म्हटलं नाही." त्या थांबल्या. "मी ऐकलं होतं. आणि तरी तसंच चालू ठेवलं."

आम्ही बौद्ध आहोत, हे त्या शेडमध्ये सगळ्यांना बावीस वर्षं ठाऊक होतं. अख्ख्या गाडीत जिथं बाबांनी बोट लावलं नव्हतं, त्याच बोटभर जागेची चोरी त्यांच्यावर आली होती. ते गप्प का राहिले ते मला तेव्हा कळलं. स्वतःला वाचवायला त्यांना एकच वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य माझ्या कानावर आलं असतं. पोरीला त्यांनी ते बावीस वर्षं कळू दिलं नव्हतं.

शेवटी मिलिंदनं घसा साफ केला. "चार नंबर असेल तर… काका, चार कोणी कधी पाहिलेलाच नाही. जपानीत चार आणि मरण यांचा आवाज एकच. कुरोसेनं तो आकडा वगळला असंच लोक धरून चालतात. नुसत्या डायरीवर कोणी मानणार नाही."

"आतल्या झाकणावर शिक्का आहे," बाबा म्हणाले. "इंजिन उकललं होतं तेव्हा पाहिला. चौकोन, आणि आत पडदे दोन बाजूंना सारल्यासारखे. मला खिडकी वाटली."

मिलिंदनं मोबाईलवर बोटानं काहीतरी काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

"हेच," बाबा म्हणाले.

"हा जपानी चार आहे." मिलिंदचा आवाज बदलला होता. "मग किंमत दोन कोटींवर थांबत नाही. काका, ऐकलंत ना?"

हणमंतरावांनी ऐकलं नसावं. ते काठी टेकून उठले, बॉनेटपाशी आले, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी आत बघत राहिले. ते जिथं बघत होते तिथं काही दिसत नसणार.

"शंकरराव," ते म्हणाले, "ते झाकण तुम्हीच उघडा. आणि ही जागा. इथंही हात लावा. माझ्यासमोर लावा."

बाबांनी चिंधी खांद्यावर टाकली.

"झाकण उघडतो, साहेब. तिथं आता काय आहे, दोन भोकं."

७

परतताना बाबा माझ्या स्कूटीवर मागे बसले. हात नेहमीसारखे स्वतःच्या गुडघ्यांवर, मला धरून कधी बसत नाहीत. मला शर्वरीकडे पोचायची घाई होती, ब्लाउज ओला व्हायला लागला होता. तरी मी हळू चालवत होते.

शिवम रोडच्या सिग्नलला थांबलो. वाक्य मी विद्यानगरपासून जुळवत आणलं होतं.

"बाबा, मी तुम्हाला विचारायला नको होतं."

"विचारणं तुझं कामच आहे. चांगलं केलंस. विचारलं नसतंस तर इथवर आलीच नसतीस."

"तरी."

शेजारच्या रिक्षातून तेलुगू गाणं वाजत होतं.

"विचारल्याचं काही नाही, दीक्षा," ते म्हणाले. "पण विचारायच्या आधी तू शर्वरीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलंस. मग विचारलंस. तेवढं नव्हतं करायचं."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. माझ्या हातांनी ते मला न विचारताच केलं होतं.

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला. आरशात बाबांचा चेहरा दिसला असता. मी समोर बघत गाडी पुढं काढली.